दोन सेन्सर आणि एक व्हॉल्व्ह: तलावाच्या सौर हीटरला कंट्रोलर बसवताना

पोहण्याच्या तलावाचं पाणी छतावरच्या काळ्या पॅनेलमधून फिरवून तापवायची सोय माझ्याकडे आधीपासून होती. पंप, फिल्टर, त्यापुढे हाताने फिरवायचा तीन तोंडांचा व्हॉल्व्ह, वर पॉलिप्रॉपिलीनची बिनकाचेची पॅनेल आणि तलावाकडे येणारा परतीचा पाइप. ऊन आलं की व्हॉल्व्हचा दांडा एका बाजूला, ऊन उतरलं की दुसऱ्या बाजूला. वर्षभर हे हाताने केलं तर चालतं, पण ऊन कोणाच्या सोयीने येत-जात नाही. सकाळी दांडा फिरवायला उशीर झाला तर तेवढी उष्णता बुडते, आणि संध्याकाळी तो तसाच राहून गेला तर तीच पॅनेल उलटं काम करू लागतात. उघडं काळं पॅनेल रात्री निरभ्र आकाशाकडे उष्णता सोडत राहतं. दिवसभर कमावलेली ऊब पंप वीज खर्चून छतावर नेतो आणि घालवून येतो.

ही ऊब किती कष्टाची असते ते आकड्यांत पाहिलं की कंट्रोलरची गरज पटते. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलावात ४० हजार लिटर पाणी असतं. ते १ अंश सेल्सिअसने तापवायला साधारण ४६ युनिट ऊर्जा लागते. २० चौरस मीटर पॅनेलवर चांगलं ऊन असेल तेव्हा पाण्याला ११ किलोवॉटच्या आसपास उष्णता मिळते, म्हणजे भर उन्हाचे चार तास गेले की पाणी एक अंश चढतं. उतरायला मात्र वेळ लागत नाही. त्याच तलावाच्या ३२ चौरस मीटर पृष्ठभागावरून नुसतं १ मिलिमीटर पाणी वाफ होऊन उडालं तरी २१-२२ युनिट गेले, म्हणजे जवळजवळ अर्धा अंश. म्हणून कोणी विचारलं तर मी आधी झाकण घ्या म्हणतो आणि मग कंट्रोलर. झाकण नसलेल्या तलावावर उत्तम कंट्रोलर बसवला तरी त्याची निम्मी कमाई रात्री हवेत जाते.

कंट्रोलरचं काम ऐकायला फार सोपं आहे. एक सेन्सर छतावर, एक तलावाच्या पाण्याच्या पाइपात. छत पाण्यापेक्षा ठरावीक अंशांनी (मी सुरुवातीला ५ ठेवले) गरम झालं की व्हॉल्व्ह फिरवून पाणी वर पाठवायचं. फरक कमी होऊन (माझ्याकडे २ अंशांवर) आला, किंवा पाणी हव्या त्या तापमानाला पोचलं, की व्हॉल्व्ह परत जागेवर. त्याला ना आकाश दिसतं ना ढग. दिसतात ते दोन आकडे, आणि त्यांच्या वजाबाकीवर तो सगळं ठरवतो. बसवण्याचं काम हातात घेतल्यावर हे फार लवकर लक्षात आलं की पेटी भिंतीवर लावणं हा त्यातला छोटा भाग आहे. खरा वेळ जातो ते दोन आकडे खरे असतील याची खात्री करण्यात. पुढे जे लिहिलं आहे त्यातलं बहुतेक त्याबद्दलच आहे.

पेटीबद्दल थोडक्यात सांगतो. पंपाची वीज आणि तलाव जवळजवळ असले की घाई करायची नसते. तलावांच्या विद्युत जोडणीसाठी आयईसी ६०३६४-७-७०२ हे मानक आहे. त्यात कडेपासून २ मीटरचा एक पट्टा आणि त्यापुढे दीड मीटरचा दुसरा पट्टा धरलेला आहे, आणि त्या पट्ट्यांत काय बसवता येतं यावर बंधनं आहेत. मी कंट्रोलर या साडेतीन मीटरच्या बाहेर, पंपाच्या खोलीत, सावलीत आणि डोळ्यांच्या उंचीवर लावला. मुख्य विजेची जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घेतली, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), अर्थिंग तपासून. माझ्या हाताचं काम ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचं, २४ व्होल्टचं आणि सेन्सरचं. ज्यांना हे काम स्वतः करायचं आहे त्यांनीही रेघ इथेच ओढावी असं माझं ठाम मत आहे.

वीज कुठून घ्यायची हा मात्र विचार करण्याजोगा प्रश्न आहे. पंप टायमरवर चालत असेल तर कंट्रोलरला टायमरच्या पुढच्या बाजूने वीज द्यावी, म्हणजे पंप बंद असताना तोही बंद. तसं केलं नाही तर उभ्या पाण्यावर तो निर्णय घेत बसतो: पाइपात थांबलेलं पाणी खोलीच्या तापमानाला येतं आणि सेन्सर तलावाऐवजी खोलीचं तापमान सांगू लागतो. याच कारणाने पंप सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं दाखवलेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. तलावातलं ताजं पाणी सेन्सरपाशी पोचू द्यावं. टायमरची वेळही बदलावी लागली. आधी पंपाचे काही तास रात्री जात होते, ते सगळे उन्हाच्या तासांत आणले. गाळण तेवढीच होते आणि पॅनेलना पाणी योग्य वेळी मिळतं.

आता सेन्सर. अशा कंट्रोलरसोबत बहुतेक वेळा १० किलो-ओहमचे थर्मिस्टर येतात. २५ अंशांना त्यांचा रोध १० हजार ओहम असतो; तापमान वाढलं की रोध घटतो, तापमान घटलं की वाढतो. शून्य अंशाला तो ३२-३३ हजारांच्या घरात जातो आणि ५० अंशांना साडेतीन हजारांच्या जवळ येतो. पण ‘१० किलो-ओहम’ एवढंच पाहून दुसरा सेन्सर लावू नये. २५ अंशांना सगळ्यांचा रोध सारखा असला तरी पुढे-मागे प्रत्येक प्रकाराचा आलेख वेगळ्या वळणाने जातो, आणि छत तापतं तेव्हा आपण २५ अंशांपासून बरेच दूर गेलेलो असतो.

छतावर चढण्याआधी दोन्ही सेन्सर कंट्रोलरला जोडून एकाच बादलीत, एकमेकांना चिकटवून ठेवले. पाणी ढवळत राहायचं, आकडे स्थिर होऊ द्यायचे. दोन्ही सारखे दाखवले तर उत्तम. वेगळे दाखवले तर बहुतेक कंट्रोलरमध्ये सुधारणेची सोय असते, ती वापरून जुळवून घ्यायचे. माझ्या दोघांत अर्ध्या अंशाच्या आसपास तफावत होती. एरवी कोणी तिकडे लक्ष दिलं नसतं. पण जिथे २ अंशांच्या फरकावर पंपाचं पाणी वळणार आहे तिथे अर्धा अंश म्हणजे निर्णयाचा चौथा हिस्सा झाला. मग तोच प्रयोग बर्फाच्या चुऱ्यात पाणी घालून केला. बर्फ आणि पाणी नीट मिसळलेलं असेल तर तिथलं तापमान शून्य असतं, त्यामुळे नुसती तुलना होत नाही, खरेपणाही कळतो. दोन्ही ठिकाणचे रोध मल्टिमीटरने मोजून कंट्रोलरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले. पुढे कधी शंका आली तर ताडून पाहायला काहीतरी हाताशी हवं.

तलावाचा सेन्सर पंप आणि फिल्टर यांच्यामधल्या पाइपात बसवला. महत्त्वाचं एवढंच की तो सौर व्हॉल्व्हच्या आधी असला पाहिजे. व्हॉल्व्हच्या पुढे, परतीच्या पाइपात लावला तर तो पॅनेलमधून तापून आलेलं पाणी मोजेल आणि तलाव आहे त्यापेक्षा गरम आहे असं समजेल. पाइपाला भोक पाडताना ते वरच्या अंगाला पाडलं नाही, कारण तिथे हवेचा बुडबुडा अडकतो. खालच्या अंगालाही नाही, तिथे गाळ बसतो. बाजूला, मध्यरेषेवर. भोकाच्या कडा कानसून गुळगुळीत केल्या, रबरी रिंग नीट बसली आहे हे पाहिलं आणि क्लॅम्प आवळला. त्या पाइपावर दुपारी थोडा वेळ ऊन येत होतं, म्हणून सेन्सरच्या दोन्ही बाजूंना इन्सुलेशन गुंडाळलं.

छतावरचा सेन्सर हा या सगळ्या कामाचा कणा आहे. त्याची जागा ठरवण्यात जितका वेळ द्याल तितका थोडा.

पहिला प्रश्न: तो पॅनेलला चिकटवायचा की पॅनेलशेजारी वेगळा ठेवायचा? पॅनेलच्या वरच्या, पाणी बाहेर पडायच्या तोंडाशी सेन्सर लावावा, हे पहिल्यांदा सुचतं आणि पटतंही. पण आकडे मांडून पाहिले की अडचण दिसते. २० चौरस मीटर पॅनेलमधून मिनिटाला ६५-७० लिटर पाणी जात असेल आणि भर ऊन असेल, तर बाहेर पडणारं पाणी आत जाणाऱ्या पाण्यापेक्षा जेमतेम अडीच अंशांनी गरम असतं. ऊन निम्मं झालं की सव्वा अंश. पाणी थांबलेलं असताना मात्र तेच पॅनेल पाण्यापेक्षा कितीतरी अंश वर चढतं. म्हणजे मऊ उन्हात काय होईल पाहा: कोरडं पॅनेल तापलं, फरक ५ अंश झाला, व्हॉल्व्ह फिरला, पाणी वाहू लागलं, सेन्सर थंड झाला, फरक सव्वा अंशावर आला, म्हणजे २ अंशांच्या खाली, व्हॉल्व्ह परतला, पॅनेल पुन्हा तापलं. ऊन मिळवण्याजोगं असूनही व्हॉल्व्ह पुढे-मागे करत राहतो. या पद्धतीत बंद होण्याचा फरक पाऊण-एक अंशाइतका खाली न्यावा लागतो, आणि मग सेन्सरमधली बारीक तफावतही जड होते.

माझ्या कंट्रोलरच्या पुस्तिकेत दुसरी पद्धत सांगितली होती आणि मला ती जास्त पटली. सेन्सर पॅनेलशेजारी, त्याच पृष्ठभागावर, त्याच उतारावर, पाण्याचा स्पर्श न होणारा. तो दिवसभर कोरड्या पॅनेलसारखा वागतो. पाणी सुरू झालं म्हणून तो थंड होत नाही. ऊन, वारा आणि हवेचं तापमान यांचा एकत्रित हिशेब तो सांगत राहतो. उन्हाचा जोर उतरला किंवा गार वारा सुटला तरच त्याचा आकडा खाली येतो. बिनकाचेच्या पॅनेलसाठी वारा ही मोठी गोष्ट आहे. काच नसल्यामुळे वारा थेट अंगावरून जातो आणि उष्णता घेऊन जातो, म्हणून सेन्सरलाही तोच वारा लागला पाहिजे. कठड्याच्या आडोशाला लावला तर तो छत गरम आहे असं सांगत राहील आणि पॅनेल मात्र वाऱ्यात गार पडलेली असतील.

दुसरा प्रश्न सावलीचा. यासाठी छतावर सकाळी, दुपारी आणि दिवस कलताना जाऊन सावली कुठून कुठे सरकते ते खडूने आखलं. पूर्वेकडच्या टोकाला ऊन सगळ्यात आधी येतं; पण तिथे सेन्सर लावला असता तर बाकीची निम्मी पॅनेल सावलीत असतानाच पाणी वर गेलं असतं, आणि गार पॅनेलमधून फिरून आणखी गार होऊन आलं असतं. म्हणून अशी जागा निवडली जिथे ऊन पोचेपर्यंत बहुतेक पॅनेल उन्हात आलेली असतात आणि जिथून ऊन जातं तेव्हा बहुतेकांवरून गेलेलं असतं. हे ऋतूप्रमाणे बदलतं. सूर्य खाली असलेल्या महिन्यांत सावल्या लांबतात, आणि सेन्सरची जागा निवडताना त्याच महिन्यांचा विचार करावा, कारण तेव्हाच प्रत्येक तास मोलाचा असतो.

तिसरी बाब बारीक आहे पण सोडू नये. सेन्सर धातूच्या पत्र्यावर थेट टेकला तर तो पत्र्याचं तापमान सांगतो. मी उरलेल्या पॅनेलच्या तुकड्यावर तो बसवला आणि तुकडा पॅनेलांच्याच पद्धतीने छताला बांधला. रंग तोच, पदार्थ तोच.

छतावरून खोलीपर्यंत दोन तारांची केबल आणली. तारेच्या लांबीची काळजी करायचं कारण नाही. ३० मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन ६० मीटर तांब्याची तार, अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची, म्हणजे सुमारे २ ओहम रोध. थर्मिस्टर २५ अंशांच्या आसपास एका अंशाला चारशेहून जास्त ओहमने बदलतो, त्यापुढे हे २ ओहम काहीच नाहीत. विजेच्या मोठ्या तारांपासून केबल दूर ठेवली आणि उन्हात टिकणाऱ्या पाइपात घातली.

काळजी करायची ती जोडांची. ओल शिरलेला जोड कसा फसवतो हे एकदा समजून घेतलं की छतावर साध्या चिकटपट्टीने तार जोडायची इच्छा होत नाही. समजा रात्री छत १५ अंशांवर आहे. सेन्सरचा रोध तेव्हा पंधरा-सोळा हजार ओहम असतो. जोडात पाणी शिरून दोन तारांमध्ये २० हजार ओहमची गळती तयार झाली, तर कंट्रोलरला एकत्रित रोध दिसतो ८,८०० च्या आसपास, म्हणजे २८ अंश. तलाव २२ अंशांवर आहे, फरक ६, चला, पाणी वर पाठवा! मध्यरात्री, ओल्या छतावर. पंप सुरू असेल तर सगळी ऊब सकाळपर्यंत गेलेली असते आणि पडद्यावर सगळं ठीक दिसतं. जोड गंजून तार अर्धवट सुटली तर याच्या उलट होतं: रोध वाढतो, छत आहे त्यापेक्षा थंड भासतं, आणि भर उन्हात व्हॉल्व्ह हलत नाही. दोन्ही टाळण्यासाठी जेल भरलेले जोड वापरले, ते एका छोट्या पेटीत बंद केले, आणि केबल पेटीत शिरण्याआधी खाली झुकवून वळण दिलं, म्हणजे तारेवरून ओघळणारं पावसाचं पाणी आत न जाता तिथेच टपकतं.

व्हॉल्व्हचं काम त्यामानाने सरळ होतं. हाताच्या दांड्याच्या जागी ॲक्च्युएटर बसतो, म्हणजे २४ व्होल्टची छोटी मोटर. एक सामायिक तार आणि दोन दिशांच्या दोन तारा. अर्धं वर्तुळ फिरायला तिला साधारण अर्धा मिनिट लागतं. ‘चालू’ म्हणजे कुठली बाजू हे तिला माहीत नसतं. तुमच्या पाइपांची मांडणी डावीकडून आहे की उजवीकडून यावर ते ठरतं. त्यासाठी आधी झाकण उघडून, हाताच्या बटणाने दोन्ही टोकांना फिरवून पाहायचं आणि दिशा उलटी निघाली तर दोन तारांची अदलाबदल करायची. आतल्या कॅम फिरवून थांबण्याची जागा नेमकी करता येते. मी त्या कामात घाई केली नाही, कारण व्हॉल्व्ह पूर्ण न वळता मध्येच थांबला तर थोडं पाणी वर आणि थोडं थेट तलावात असं चालू राहतं आणि बाहेरून काही कळत नाही.

जवळ आणखी दोन साध्या वस्तू तपासाव्या लागतात. एक म्हणजे एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, फिल्टर आणि सौर व्हॉल्व्ह यांच्यामध्ये. तो नसेल तर पंप थांबल्यावर पॅनेलमधलं पाणी उतरताना फिल्टरमधून उलटं जातं आणि गाळ परत तलावात ढकलतं. दुसरी, व्हॅक्यूम रिलीफ व्हॉल्व्ह. पंप थांबला की हा हवा आत घेतो आणि पॅनेल रिकामी होतात. हवा मिळाली नाही तर उतरणारं पाणी पॅनेलच्या नळ्या आत खेचतं. तो अशा ठिकाणी हवा जिथे पंप चालताना पाइपात दाब असतो. दाब कमी पडला तर तो चालू पंपातही हवा ओढत राहतो. क्लोरिनेटर आधीपासून परतीच्या पाइपाच्या पुढे होता, तो तिथेच असला पाहिजे. तीव्र क्लोरीनचं पाणी पॅनेलमधून फिरवायचं नसतं.

आता सगळं जोडलं होतं आणि आकाश ढगाळ होतं. उन्हाची वाट पाहायची गरज पडली नाही, आणि ही युक्ती प्रत्येकाने वापरावी अशी आहे. दोन्ही सेन्सर टर्मिनलवरून सोडवले. तलावाच्या टर्मिनलला १० हजार ओहमचा साधा रोधक (रेझिस्टर) जोडला. कंट्रोलरच्या दृष्टीने तलाव बरोबर २५ अंशांवर. छताच्या टर्मिनलला १० किलो-ओहमचा पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवून रोध बदलता येणारा रोधक, जोडला आणि हळूहळू फिरवत गेलो. पडद्यावर छत २६, २७, २८… आणि ८ हजार ओहमच्या जवळ, ३० अंशांवर, रिले (कंट्रोलरमधला विजेवर चालणारा स्विच) टकटकला आणि व्हॉल्व्ह फिरू लागला. उलट फिरवत आलो तसा २७ अंशांवर, ९,१५० ओहमच्या आसपास, तो परतला. पाण्याची कमाल मर्यादा आधीच २५ च्या वर ठेवली होती, नाहीतर त्या कारणाने तो हललाच नसता. मग मर्यादा २४ वर आणून पाहिली: छत कितीही गरम दाखवलं तरी व्हॉल्व्ह जागचा हलला नाही, जसं व्हायला हवं तसं. तार सोडून ठेवली, मग दोन तारा एकमेकींना टेकवल्या आणि सेन्सर बिघडल्यावर कंट्रोलर काय दाखवतो तेही पाहून घेतलं. एवढ्या चाचणीनंतर पुढे काही वेगळं घडलं तर दोष सेन्सरमध्ये शोधायचा की पेटीत, हे आधीच माहीत असतं.

पहिल्या स्वच्छ उन्हाच्या दिवशी मी खोलीतच थांबलो. फरक ५ झाला, व्हॉल्व्ह वळला, पाणी वर चढताना पाइपातून आवाज आला. तलावातल्या तोटीतून बुडबुड्यांचा लोंढा सुटला. ती पॅनेलमधली हवा. काही मिनिटांत थांबली पाहिजे. थांबली नसती तर व्हॅक्यूम रिलीफ व्हॉल्व्ह चुकीच्या जागी आहे किंवा प्रवाह कमी पडतोय असा अर्थ. फिल्टरवरच्या मापकात दाब थोडा चढला आणि स्थिर झाला. मग छतावर जाऊन प्रत्येक पॅनेलवर हात फिरवला. सगळी गार लागली पाहिजेत! हे समजावून सांगायला सगळ्यात अवघड जातं. पाहुणे तोटीपाशी हात धरतात आणि पाणी कोमटच आहे म्हणून निराश होतात. पण गरम पॅनेल म्हणजे हवेत जाणारी उष्णता. पाणी भराभर फिरत असेल तर पॅनेल हवेच्या तापमानाजवळ राहतं आणि त्यातून फारच थोडी उष्णता वाया जाते. दोन-अडीच अंशांनी वाढलेलं भरपूर पाणी हे १० अंशांनी वाढलेल्या थोड्या पाण्यापेक्षा तलावाला जास्त देऊन जातं. एखादं पॅनेल चटका बसेल इतकं तापलेलं आढळलं तर त्यातून पाणी जात नाही असं समजावं.

पंपाचा वेग कमी-जास्त करता येत असेल तर इथे आणखी एक जोडणी लागते. गाळणीसाठी पंप हळू चालवणं फायद्याचं असतं, कारण वेग निम्मा केला की वीज सिद्धांतानुसार आठव्या हिश्श्यावर येते. पण त्या वेगात पाणी छतापर्यंत पोचत नाही. ४ मीटर उंचीला पाणी नेऊन नळ्या भरायला सुमारे ०.४ बार दाब केवळ उंचीसाठीच लागतो. कंट्रोलरच्या दुसऱ्या रिलेची तार पंपाच्या वेग-टर्मिनलला दिली, म्हणजे सौर फेरी सुरू झाली की पंप वेग घेतो आणि संपली की पुन्हा सावकाश. नळ्या एकदा भरल्या की उतरणारं पाणी चढणाऱ्याला मदत करतं आणि वेग थोडा कमी करता येतो. किती, ते बुडबुडे सांगतात: वेग उतरवत जायचं, व्हॅक्यूम रिलीफ व्हॉल्व्ह हवा ओढू लागला की एक पायरी वर थांबायचं.

ढगांच्या दिवशी मात्र थोडी जुळवाजुळव करावी लागली. तुटक ढगांमध्ये छताचा आकडा भरभर खाली-वर होत होता आणि व्हॉल्व्ह वारंवार फिरत होता. प्रत्येक फेरीला हवा बाहेर, पाणी आत, पुन्हा हवा. सुरू होण्याचा फरक ५ वरून ६ केला, बंद होण्याचा २ ठेवला, आणि व्हॉल्व्हने एकदा जागा बदलली की काही मिनिटं हलू नये अशी विलंबाची सोय होती ती वापरली. फरक यापेक्षा वाढवला असता तर सकाळचं पहिलं ऊन हातचं गेलं असतं.

पाण्याची मर्यादा २८ अंशांवर ठेवली आहे. स्पर्धात्मक पोहण्याच्या तलावांसाठी २५ ते २८ अंश हा पल्ला ठरलेला आहे, आणि आरामात पोहायलाही तेवढं पुरतं. वर गेलं की क्लोरीन लवकर खर्च होतं आणि शेवाळाला वाव मिळतो. तापलेल्या महिन्यांत पाणी आपणहून ३० च्या वर जाऊ लागलं तेव्हा कंट्रोलरची उलटी बाजू कामी आली. रात्री छत पाण्यापेक्षा थंड झालं की पाणी वर पाठवायचं आणि आकाशाला उष्णता देऊन यायचं. ज्या गुणामुळे हाताच्या व्हॉल्व्हने रात्री नुकसान होत होतं तोच इथे मागून घेतलेला आहे. त्यासाठी टायमरमध्ये पंपाचे काही तास पहाटेकडे वळवावे लागतात आणि झाकण काढून ठेवावं लागतं.

गोठणाऱ्या थंडीच्या ठिकाणी कंट्रोलरमध्ये गोठण-संरक्षण असतं. छताचा सेन्सर ३ अंशांच्या आसपास आला की तो पाणी फिरवतो. पण वीज गेली तर ते संरक्षणही जातं, म्हणून तशा हवामानात पॅनेल रिकामी करणं हाच भरवशाचा उपाय आहे. निरभ्र रात्री पॅनेल हवेपेक्षाही थंड होतं, तेव्हा हवेचा तापमापक पाहून निर्धास्त राहू नये.

आता दर ऋतूच्या सुरुवातीला छतावरची पेटी उघडून जोड कोरडे आहेत का पाहतो, सेन्सरवरची धूळ पुसतो, आणि दोन्ही रोध मोजून झाकणावर लिहिलेल्या आकड्यांशी ताडतो. सूर्योदयाच्या आधी छताचा आकडा बाहेर सावलीत ठेवलेल्या साध्या तापमापकाच्या जवळपास किंवा त्याच्या थोडा खाली असायला हवा. तो बराच वर दिसला तर जोडात ओल शिरली असं धरून आधी तिकडे जातो.